घरचे टपालखाते

टपालखाते चालवायला सरकार लागते, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. लाल पेटी, खाकी पोशाख, शिक्क्याचा तो ठक्क आवाज आणि या सर्वांच्या पाठीमागे कुठेतरी दिल्लीला बसलेला एक मंत्री, एवढा सरंजाम असल्यावाचून एका माणसाचा मजकूर दुसऱ्याच्या हाती पडणे शक्य नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटत असे. आज सहा वर्षे झाली, मी स्वतःच एक टपालखाते चालवीत आहे. त्याचा पोस्टमास्तर मी, सॉर्टर मी, पोस्टमन मी आणि पत्र गहाळ झाले म्हणजे बोलणी खाणाराही मीच. खातेदार मोजून चार. मी, आमची सौ.; चिरंजीव, तेही नाखुशीने; आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. पाण्याच्या टाकीवरून त्यांचे-माझे बिनसले होते, ते मिटले तेव्हा समेटाची खूण म्हणून मी त्यांना एक पत्ता बहाल केला.

हे टपाल म्हणजे अर्थात ई-मेल. बहुतेक वाचकांचे ई-मेल कुठल्या तरी बड्या कंपनीच्या घरी बिऱ्हाडाला असते. भाडे नाही, पागडी नाही, झाडलोटही घरमालकाची. माझेही तसेच होते. २०१९ साली मी पासवर्ड विसरलो. विसरण्यात चूक माझी, हे मान्य. परंतु ‘तुम्ही म्हणजे तुम्हीच’ हे पटवण्यासाठी माझा जो दूरध्वनी क्रमांक त्यांच्या दप्तरी होता, तो मी केव्हाच सोडून दिला होता. अकरा वर्षांची पत्रे आत आणि मी बाहेर! त्यांत वडिलांनी शेवटच्या आजारपणात एका बोटाने टिपून टिपून लिहिलेली सात पत्रे होती. तक्रार कोणाकडे करावी, तर त्या अवाढव्य कारभारात मला एकही मनुष्य आढळला नाही. नुसती प्रश्न विचारणारी पाने. त्या रात्री जेवताना मी जाहीर केले की, यापुढे आपले टपाल आपण सांभाळायचे.

‘‘आधी घराच्या किल्ल्या कुठे ठेवता ते सांभाळा,’’ ही म्हणाली.

यंत्र मात्र आमच्या घरी नाही. प्रथम बेत तसाच होता. टी.व्ही.च्या मागे जेवणाच्या डब्याएवढा संगणक ठेवायचा आणि त्याला सर्व्हर म्हणायचे. पण घरगुती इंटरनेटवरून बाहेर टपाल टाकता येत नाही, असे कळले. ई-मेल ज्या दाराने एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जाते त्याला पंचवीस नंबरचे दार म्हणतात, आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या घरगुती जोडणीचे हे दार बहुधा बंदच ठेवतात. कारण घरोघरच्या रोगट संगणकांतून याच दाराने जगभर केरकचरा जात असे. शिवाय अशा घरगुती क्रमांकांच्या याद्या, ‘येथून थेट टपाल घेऊ नये’ अशा शेऱ्यानिशी, जगजाहीर असतात. तेव्हा एका कंपनीच्या मुंबईतल्या यंत्राचा एक कोपरा दरमहा साडेपाचशे रुपये भाड्याने घेतला.

‘‘म्हणजे घरचं टपालखातं भाड्याच्या जागेत!’’ ही म्हणाली. मी ते ऐकले नाही असे दाखवले आणि त्या जागेवर आमच्या आडनावाची पाटी, म्हणजे डोमेन, लावली. आत दोन गडी नेमले. टपाल आणणारा-नेणारा पोस्टफिक्स आणि आलेले टपाल खणात लावून मागाल तेव्हा पुढे करणारा डव्हकॉट. पोस्टफिक्स हा वीत्स व्हेनेमा या डच गृहस्थांनी आय.बी.एम. कंपनीत असताना लिहून १९९८ साली जगाला फुकट देऊन टाकला. डव्हकॉट फिनलंडच्या टिमो सिराइनेन यांचा, २००२ सालचा. दोघेही पगार मागत नाहीत, रजा मागत नाहीत आणि काय काम केले त्याची सेकंदासेकंदाची नोंद रोजकीर्दीत करून ठेवतात. मी सारा जन्म हिशेब खात्यात काढला. इतकी स्वच्छ रोजकीर्द मी कधी पाहिली नाही.

या टपालाचे नियम जेव्हा मी प्रथम वाचले, तेव्हा मला जुन्या वळणाच्या एखाद्या सभ्य माणसाची ओळख झाल्यासारखे वाटले. ऑगस्ट १९८२ मध्ये अमेरिकेतल्या जॉन पोस्टेल यांनी ते लिहून प्रसिद्ध केले. एक सर्व्हर दुसऱ्याच्या दारी जातो. यजमान म्हणतो, २२०. म्हणजे ‘या, मी हजर आहे.’ पाहुणा ‘हेलो’ म्हणून आपले नाव सांगतो. (इंग्रजीत लिहिताना या हेलोतला एक एल गाळला आहे, कारण पोस्टेलसाहेबांचे सारे हुकूम चार अक्षरांत बसवलेले!) मग ‘अमक्याचे पत्र आहे.’ ‘ठीक.’ ‘तमक्याला द्यायचे आहे.’ ‘ठीक.’ ‘मजकूर सांगू?’ ‘३५४; सांगा.’ मजकूर संपला की एका ओळीवर नुसते एक टिंब. त्यावर यजमान म्हणतो, २५०. नंतर निरोप, आणि दार बंद.

या २५० मध्ये सगळे आले. नियम असे सांगतो की, ज्याने २५० म्हटले त्याने त्या पत्राची जबाबदारी उचलली. यंत्र बंद पडले, जागा अपुरी पडली, असल्या किरकोळ सबबींवर त्याने ते हरवायचे नाही. पोचवावे, आणि पोचवणे जमले नाही तर पाठवणाऱ्याला तसे कळवावे. ही अट पुढे २००८ साली नियम सुधारून लिहिले तेव्हाही कायम राहिली. पत्र घ्यायचेच नसेल तर दारातच तसे सांगण्याची सोय आहे. चारापासून सुरू होणारा आकडा म्हणजे ‘आत्ता नको, मागाहून या’; पाचापासून सुरू होणारा म्हणजे ‘परत न्या, पुन्हा येऊ नका.’

‘मागाहून या’ म्हटल्यावर खरोखर मागाहून येणारे लोक या जगात किती आहेत? आमच्याकडचा सुतार घ्या, नळवाला घ्या. पण सर्व्हर येतो. पोस्टफिक्स प्रथम पाच मिनिटांनी पुन्हा जातो, मग अंतर वाढवीत वाढवीत तासातासाने जात राहतो आणि पाच दिवस दार ठोठावूनच हात टेकतो; टेकताना पाठवणाऱ्याला तसे लिहून कळवतो. मला याचा अनुभव आहे. २०२१ साली आम्ही दोन दिवस बाहेरगावी गेलो असता माझ्या सर्व्हरची जागा भरली. भरली ती पत्रांनी नव्हे, त्याच्या स्वतःच्या रोजकीर्दीने! दीड दिवस तो प्रत्येक पाहुण्याला ‘४५२, जागा नाही’ असे सांगत बसला. परत येऊन मी घाईघाईने जागा मोकळी केली आणि हताश होऊन पाहत बसलो. तासाभरात पत्रे येऊ लागली. विजेचे बिल आले, हिच्या मावसबहिणीने पाठवलेले बारशाचे फोटो आले, सेक्रेटरींचे तीन खरमरीत निषेध आले. रात्रीपर्यंत सारे टपाल जमा. कोणीही मला विसरले नव्हते. त्या दिवशी मी सर्व्हरला उदबत्ती ओवाळली असती, पण तो मुंबईत आणि मी पुण्यात.

पत्रे येणे असे सुखाचे. जाण्याचे मात्र तसे नाही.

मी भाड्याने घेतलेल्या कोपऱ्याला एक क्रमांक होता, आणि त्या क्रमांकावर माझ्या आधी कोणी दुसराच भाडेकरू राहत होता. त्याने काय उद्योग केले देव जाणे; कचरा-पत्रे पाठवणाऱ्यांच्या दोन काळ्या याद्यांत तो क्रमांक नोंदलेला. मटक्याचा अड्डा चालवणाऱ्या माणसाची खोली एखाद्या भिक्षुकाने भाड्याने घ्यावी आणि मग पोलिसांनी रोज त्याचे दार वाजवावे, तशी माझी स्थिती झाली. अर्ज केले, ‘जुना भाडेकरू मी नव्हे’ असे लिहून दिले; अकरा दिवसांनी नाव निघाले. मग क्रमांकावरून नाव विचारले तर आमचेच आडनाव निघावे, अशी नोंद भाडेवाल्या कंपनीकडून करून घेतली. डोमेनच्या सार्वजनिक फळ्यावर ‘आमची पत्रे फक्त या क्रमांकावरून निघतात’ अशी नोटीस लावली, तिला एस.पी.एफ. म्हणतात. प्रत्येक पत्रावर लाखेची मोहोर करण्याची सोय केली, ती डी.के.आय.एम. मोहोर खरी की खोटी हे ताडून पाहण्याचा नमुनाही त्याच फळ्यावर. आणि तिसरी डीमार्क नावाची सूचना : ‘आमचे नाव सांगणारे पण मोहोर न जुळणारे पत्र आढळल्यास त्याचे काय करावे, आणि आम्हांस कसे कळवावे.’ हे ऐच्छिक शिष्टाचार राहिलेले नाहीत. फेब्रुवारी २०२४ पासून दोन बड्या कंपन्यांनी ओळखपटीवाचून पत्र घेणार नाही, असा दंडकच घातला. आणि दिवसाला पाच हजार पत्रे धाडणाऱ्यांना तर आणखी कडक अटी.

याचा मला राग नाही. कचऱ्याचा इतिहासही पत्रांइतकाच जुना आहे. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी त्या वेळच्या अमेरिकन जाळ्यावरच्या सुमारे चारशे लोकांना आपल्या नव्या संगणकांची जाहिरात एकदम पाठवली. लोक चिडले, आणि असे सांगतात की संगणकही खपले! तेथून जे सुरू झाले ते माझ्या चौघांच्या खात्यापर्यंत आले आहे. एका रात्रीत माझ्या सर्व्हरचा पासवर्ड ओळखण्याचे अकराशे प्रयत्न मी रोजकीर्दीत मोजले आहेत. तेव्हा घरमालकाने दारात चौकशी करावी, हे योग्यच. एक युक्ती तर मला फार आवडते. २००३ साली इव्हान हॅरिस यांनी ती सुचवली : अनोळखी पाहुण्याला पहिल्या खेपेस नुसतेच ‘मागाहून या’ म्हणावे. कचरा टाकणाऱ्याला फुरसत नसते, तो बहुधा परतून येत नाही. प्रामाणिक सर्व्हर पुन्हा येतोच. केवळ वाट पाहायला लावून माणसाची परीक्षा करायची ही पद्धत आमच्या आजोबांचीही होती.

असो. एवढा सगळा सरंजाम करून मी निर्धास्त झालो. रोज पहाटे बड्या कंपन्यांकडून अहवाल येत : काल तुमच्याकडून दोन पत्रे आली, दोन्हींची मोहोर बरोबर. मला मोठी धन्यता वाटे. आणि मग अण्णांचे पत्र निघाले.

अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू, नागपूरला असतात. मराठीचे शिक्षक होते, आता निवृत्त. राजापूर तालुक्यात आमचे वडिलोपार्जित कौलारू घर आहे. ते विकावे असे माझे म्हणणे, विकू नये असे त्यांचे. २०२५ च्या पाडव्याला दूरध्वनीवर या विषयाला तोंड फुटले आणि शब्दाने शब्द वाढला. मी नको ते बोललो. शेवटी अण्णा म्हणाले, ‘‘यापुढे जे काय असेल ते लेखी कळव,’’ आणि फोन ठेवला.

महिनाभर मी घुसमटत होतो. मग एका संध्याकाळी बसून लेखी कळवले. घर विकायचे नाही, माझा हट्ट मी सोडला. माजघराचे आढे वाकले आहे, पावसाआधी बदलले पाहिजे; शाकारणीचा आणि आढ्याचा निम्मा खर्च माझा. सुतार पंधरा दिवसांत यायला तयार आहे. किल्ली तुझ्याकडे, घरपट्टी तुझ्या नावावर. तू फक्त ‘हो’ म्हण. पाडव्याच्या बोलण्याबद्दलही चार ओळी लिहिल्या. त्या इथे सांगत नाही.

पत्र गेले. रोजकीर्दीत नोंद आहे : २ मे, सायंकाळचे सहा वाजून बारा मिनिटे. पाठवले. २५०.

उत्तर आले नाही. आठ दिवस गेले, पंधरा गेले. रोज मी रोजकीर्द उघडून ती ओळ पुन्हा वाची. २५० म्हणजे पत्र घेतले. घेतले म्हणजे पोचले. पोचले असून उत्तर नाही, याचा अर्थ उघड होता. तीन तपे शाळेत शिकवलेल्या माणसाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढी दोन अक्षरे लिहिता येत नाहीत, असे मी हिला म्हणालो. ही म्हणाली, ‘‘फोन करा.’’ मी म्हणालो, ‘‘त्यांनीच लेखी मागितलं होतं, लेखी दिलं. माझ्याकडे पुरावा आहे.’’ सर्व्हर बाळगण्याचा हा एक तोटा. माणूस पुराव्यावर विसंबतो.

त्या वर्षी पाऊस कधी नव्हे इतका लवकर आला. २६ मे रोजी तर तो मुंबईत पोचला होता. कोकणात त्याच्याही आधी. शाकारणी झालेली नव्हती. जूनच्या मध्यात शेजारच्या मुलाने फोटो पाठवला. माजघराचे आढे मोडून खाली आले होते आणि त्याखाली वडिलांचा झोपाळा होता. घरात कोणी नव्हते, एवढीच गोष्ट बरी. मी फोटो पाहिला आणि मनात म्हणालो, घ्या, झाले ना समाधान! तोच फोटो नागपूरलाही गेला होता. अण्णाही तेच म्हणाले असावेत.

गौरी आल्या तेव्हा हिने नैवेद्याच्या भाज्यांचे काहीतरी विचारायला वहिनींना फोन लावला. दोघींचे बोलणे कधीच थांबले नव्हते, हेही मला त्या दिवशी कळले. तिथे लेखी कळवण्याची अट नव्हती. भाज्यांवरून बोलणे कुठे गेले कोण जाणे, पण स्वयंपाकघरातून मला ऐकू आले, ‘‘अहो वहिनी, एवढं पत्र पाठवलं ह्यांनी मे महिन्यात, भावोजींनी एका ओळीचं तरी उत्तर द्यायचं.’’ मग थोडा वेळ शांतता. मग ही बाहेर आली, फोन हातात धरून. ‘‘त्या म्हणतायत, कसलं पत्र?’’

पत्र गेले होते. अण्णांच्या कंपनीने ते घेतलेही होते. घेऊन, मोहोर तपासून, बरोबर आहे असा शेरा मारून, तिने ते कचऱ्याच्या खणात टाकले होते. आणि त्या खणातले सारे तीस दिवसांनी आपोआप नष्ट होते. म्हणजे जूनच्या आरंभी, आढे पडण्याच्या दहा-बारा दिवस आधी, ते पत्र या जगातून गेले. अण्णांनी तो खण उघडून पाहिलेला नव्हता. असा खण आहे हेच त्यांना ठाऊक नव्हते.

चिरंजीवांनी मग मला समजावले. मोहोर खरी असली म्हणजे पत्र तुमचेच आहे एवढे ठरते. तुम्ही भले गृहस्थ आहात, हे ठरत नाही. त्यासाठी नावलौकिक लागतो. बडे सर्व्हर रोज लाखांनी पत्रे पाठवतात, त्यांची वर्तणूक सर्वांना माहीत. आठवड्याला चार पत्रे पाठवणाऱ्या माझ्या सर्व्हरला कोण ओळखणार? लौकिक मिळवायचा तर भरपूर पत्रे पाठवायला हवीत, आणि भरपूर पत्रे पाठवायची तर आधी लौकिक हवा. नोकरीच्या जाहिरातीत ‘अनुभव आवश्यक’ असे वाचून मी १९७० च्या दशकात जे म्हणालो होतो, ते छापण्याजोगे नाही.

‘‘मग त्यांनी दारातच नाही म्हणायचं!’’ मी म्हणालो. ‘‘पाच आकडा सांगायचा. मी दुसऱ्या दिवशी रेल्वेने नागपूरला गेलो असतो.’’

पण यालाही कारण आहे. कचरा टाकणारे पाठवणाऱ्याचे नाव खोटे घालतात. घेतलेली पत्रे मागाहून परत धाडावी, तर ती ज्याच्या नावावर जातात त्या बिचाऱ्याने काही पाठवलेलेच नसते. एके काळी असल्या परतीच्या टपालाने निरपराध लोकांच्या पेट्या तुडुंब भरत. म्हणून ‘पोचवा नाही तर कळवा’ या जुन्या अटीतला दुसरा भाग हळूहळू बाजूला पडला. दारात नकार देण्याची सोय आजही आहे. पण दारातच नकार दिला तर कचरेवाल्याला आपले काय चुकले ते कळते आणि तो सुधारून येतो, अशी बड्यांची भीती. तेव्हा गोड बोलून घ्यायचे आणि तळघरात टाकायचे. आम्ही त्याला पोचवणेच म्हणतो, असे ते म्हणू शकतात. कारण खण त्याच घरातला आहे.

पूर्वी टपाल खात्यात दोन चिजा मिळत. एक यूपीसी, पत्र पेटीत टाकल्याचा शिक्का, आणखी काही नाही. दुसरी रजिस्टर ए.डी.; पत्र घेणाऱ्याची सही असलेले कार्ड तुमच्या घरी परत येई. यूपीसी २०११ मध्ये बंद झाली आणि रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात मिसळून गेले. माझी चूक इतकीच की, चार महिने मी यूपीसीचा कागद हातात धरून तो ए.डी.चे कार्ड म्हणून वाचत होतो.

त्या दिवशी फोन अण्णांनी घेतला. मी सगळे सांगितले. पत्राची माझी प्रत माझ्या सर्व्हरवर होती. ‘पुन्हा पाठवतो’ म्हणालो.

‘‘नको,’’ अण्णा म्हणाले. ‘‘वाच.’’

मी वाचले. गौरीच्या दिवशी, दुपारी, पाने वाढायची खोळंबलेली, आणि मी उभ्याने मे महिन्यातले पत्र वाचून दाखवीत होतो. ‘सुतार पंधरा दिवसांत येईल’ हे वाक्य वाचताना माझा आवाज नीट निघेना. त्या चार ओळीही वाचल्या. संपल्यावर पलीकडे इतका वेळ काही नाही की, मला वाटले फोन कटला.

‘‘दुसऱ्या परिच्छेदात ‘परंतु’ तीनदा आलंय,’’ अण्णा म्हणाले. मग थोड्या वेळाने, ‘‘आणि आढं सागाचं नव्हतं, फणसाचं होतं.’’ मग आणखी थोड्या वेळाने, ‘‘मी जूनपर्यंत रोज बघत होतो रे.’’

तुळशीचे लग्न झाले की सुतार येणार आहे. फणसाचेच आढे घालायचे, असे ठरले. झोपाळ्याच्या कड्या शाबूत आहेत, फळी नवी करावी लागेल.

सर्व्हरचे काय, असे चिरंजीवांनी विचारले. त्यांचा सल्ला शहाणपणाचा आहे : येणारे टपाल आपण घ्यावे, जाणारे मात्र लौकिकवान अशा एखाद्या रिले कंपनीच्या हवाली करावे; तिचा शिक्का पाहून दारवान अडवत नाहीत. सोसायटीच्या नोटिसांसाठी मी तो मानला. वार्षिक सभेची नोटीस बत्तीस सभासदांच्या कचऱ्याच्या खणात गेली, तर सेक्रेटरी मला पुन्हा टाकीची आठवण करून देतील. ज्यांची पत्रे अडता कामा नयेत अशा सातआठ नातेवाइकांना फोन करून माझा पत्ता त्यांच्या वहीत नोंदवायला लावला आणि कचऱ्याचा खण कुठे असतो तो दाखवला. तिघांना तिथे भलतीच पत्रे सापडली. एका भाच्याला तर हुकलेल्या मुलाखतीचे बोलावणे.

अण्णांसाठी मात्र मी माझ्याच सर्व्हरवर पाचवे खाते काढले. तसे त्यांनीच मागितले. ‘‘बाबांच्या आडनावाचा पत्ता आहे ना, मग मला का नाही?’’ त्यांचे माझे पत्र आता कोणाच्या दारात उभे राहत नाही. दोन्ही खाती एकाच यंत्रावर, तेव्हा पोस्टफिक्स या खणातले उचलून त्या खणात ठेवतो. ना मोहोर, ना लौकिक, ना दारवान. सेकंदही लागत नाही. हे मी त्यांना दोनदा समजावून सांगितले, चित्र काढून पाठवले.

तरी पत्र टाकले की पाच मिनिटांत नागपूरहून फोन येतो.

‘‘पोचलं का?’’

‘‘पोचलं,’’ मी म्हणतो.

‘‘मग वाच,’’ अण्णा म्हणतात आणि फोन न ठेवता थांबून राहतात.